फुकटचा डाव

पाडव्याची दुपार होती. श्रीखंडाचे जेवण अंगावर आलेले, ओसरीत कोवळे ऊन आणि माजघरातल्या सतरंजीवर पत्त्यांचा कॅट पिसून तयार. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव असल्यामुळे आमच्या लोणावळ्याच्या घरी या दिवशी वडीलधाऱ्यांचीही पत्त्यांना हरकत नसते. मेंढीकोटाला चौथा भिडू तेवढा कमी होता. पुण्याहून आलेला माझा भाचा कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोके घालून बसला होता. हाक मारली तर म्हणाला, “मामा, मीपण पत्तेच खेळतोय. आणि हे पत्ते फुकट मिळतात!”

फुकट हा शब्द ऐकला की शाळामास्तराचे कान टवकारतात. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. खेळायला लागून त्याला आठच दिवस झाले होते आणि चेहरा मात्र उतरलेला होता. घाईघाईत त्याने एक मोलाचे पान मोडून टाकले होते. पान मोडायचे म्हणजे काय, हे मला कळेना. ते कळून घेताना मी पत्त्यांच्या इतिहासात बराच मागे गेलो. वाचकांनाही थोडे नेतो.

आपल्याकडचे जुने पत्ते म्हणजे गंजिफा. हा खेळ इराणकडून आला. सिंधच्या शाह हसनने मागितलेली गंजिफाची पाने आपण १५२७ साली पाठविली, अशी नोंद बाबराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. मोगली गंजिफात आठ रंगांची ९६ पाने असत. आपल्या लोकांनी त्या खेळाला दशावताराचा साज चढविला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी एकूण १२० गोल पाने. तीन भिडू, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. कोणती पाने पडून गेली हे ज्याच्या ध्यानात राहील, तोच जिंकायचा.

दक्षिण कोकणात सावंतवाडीचे चितारी ही पाने करीत. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, एकेक पान हाताने रंगवायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. पुढे बावन्न पानांचा छापील कॅट आला. तो स्वस्त होता आणि खिशात मावत होता. १८६३ साली आमच्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि मांड्यांवर रुमाल पसरून रंगणारा डाव हळूहळू मुंबई-पुणे प्रवासाचा भागच होऊन बसला. त्या रुमालावर १२० गोल पानांना जागा कोठून मिळणार? १९७० च्या सुमारास ही कला पुंडलिक चितारी यांच्यासारख्या वृद्ध कारागिराच्या हातात कशीबशी तगून होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा काम सुरू केले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही धडपड आहे.

गंजिफा घ्या की बावन्न पाने घ्या, एक गोष्ट सारखी. पेटी उघडली की सगळी पाने आत असतात. किंमत एकदाच मोजायची.

ही रीत अमेरिकेत १९९३ साली बदलली. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ नावाचा खेळ काढला. त्यात बंद पाकिटे विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब, आणि निघालेल्या पानांतून ज्याने त्याने आपला कॅट जुळवायचा. २०१४ साली त्याच घराण्यातला, पण पडद्यावरचा ‘हार्थस्टोन’ आला. त्याचे दार मात्र फुकट उघडे.

हार्थस्टोनचा कॅट तीस पानांचा. सुरुवातीची पाने मोफत. रोज नेमून दिलेली कामगिरी केली की अनुभवाचे गुण मिळतात आणि ते साठत गेले की थोडे सोने मिळते. सोन्याचे पाकीट येते. पाकिटात पाच पाने. ज्याला धीर नाही त्याने खरे पैसे मोजावेत. नको असलेले पान मोडून त्याची भुकटी करता येते आणि भुकटीतून हवे ते पान घडवता येते. पण साध्या पानाची मोड ५ आणि घडणावळ ४०. सर्वांत दुर्मीळ जातीच्या पानाची मोड ४०० आणि घडणावळ १६००! आपला सोनार बरा म्हणायचा. शिवाय २०१६ पासून त्याच्या एका मुख्य प्रकारात जुनी पाने ठरावीक काळाने बाद होतात. म्हणजे पेटी कधी भरतच नाही. बेल्जियमने २०१८ साली काही खेळांतल्या अशा आंधळ्या पेट्या जुगारात धरल्या, त्या उगाच नव्हे.

तरीही मी भाच्याला खेळ बंद कर म्हटले नाही. हाताने रंगविलेली गंजिफा गरिबाच्या घरी कोठून येणार होती? उघडे दार हा लहान उपकार नव्हे. एवढेच सांगितले की पहिले काही दिवस मिळालेल्या पानांवर यंत्राशीच खेळ आणि खुशाल हर. एकच कॅट धरून तो नीट ओळख. खेळ कळेपर्यंत एकही पान मोडू नकोस. पैसे घालायचेच तर आईला विचारून, आकडा आधी ठरवून. आणि हरल्याच्या तिरमिरीत तर मुळीच नाही.

त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मामा, गंजिफात सगळ्यांत दुर्मीळ पान कोणतं?”

“कोणतंच नाही. सगळी पेटीत असतात.”

“मग मिळवायचं काय?”

याचे उत्तर मास्तराजवळ तयार नव्हते. “बस चौथा भिडू म्हणून,” मी म्हणालो, “मग बघू.”

तो बसला. पहिल्याच हाताला त्याची बदामाची दश्शी आजीने हुकमाने मारली. त्याचा चेहरा पुन्हा उतरला. पण सगळे हसले, आणि मग तोही हसला. दिवेलागणीपर्यंत मोबाईल कोपऱ्यातच पडून होता.