केबल तुटली, मग अँटेना कुठे गेला? मुळशीच्या छपरांवरचा अर्धशतकाचा इतिहास

१/
अमेरिकेत केबलचे बिल जड वाटू लागले की लोक दोन वस्तू विकत आणतात. एक, टीव्हीच्या मागे खोचायची इंटरनेटची कांडी. दुसरी, खिडकीत किंवा छपरावर लावायचा अँटेना. कांडीवर चित्रपट आणि मालिका पाहायच्या, अँटेनावर स्थानिक वाहिन्या, बातम्या आणि सामने, आणि या दुसऱ्या वस्तूला महिन्याचे बिल नसते. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातही केबल सोडणारी घरे आहेत आणि कांड्या तर दुकानोदुकानी मिळतात. अँटेना मात्र परतलेला नाही. तो का परतला नाही, हे समजून घ्यायचे तर सिंहगडावर जावे लागते.

२/
मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वर्षभरातच, १९७३ मध्ये, पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले. मुंबईचा कार्यक्रम गडावर झेलायचा आणि तिथून पुन्हा पुणे परिसरावर सोडायचा, एवढेच त्याचे काम. गडाची निवड भावनेपोटी झालेली नव्हती. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत धावतात, डोंगराला वळसा घालणे त्यांना फारसे जमत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा आणि पुण्यावर थेट नजर ठेवणारा माथा तिथे होताच. १६७० मध्ये ज्या कारणासाठी हा गड हाती असणे मोलाचे होते, तेच कारण तीन शतकांनी अभियंत्यांनाही पटले. गडावर जाणारा आजचा पर्यटक त्या मनोऱ्याकडे पाहून नाक मुरडतो, पण टेहळणीची जागा आणि प्रक्षेपणाची जागा एकच निघावी यात नवल नाही.

३/
मात्र गडावरून जे दिसते त्यालाच गड दिसतो. सिंहगडाच्या ईशान्येला पुण्याचे खोरे मोकळे पसरलेले आहे. मुळशी आहे वायव्येला आणि पश्चिमेला. मधे मुठा, मोसे आणि मुळा या नद्यांची खोरी, आणि खोऱ्या-खोऱ्यांमधून सह्याद्रीच्या सोंडा. भूगाव-पिरंगुटच्या बाजूला एखाद्या उंचवट्यावरच्या घराला नशीब साथ देई. जसजसे पौड ओलांडून ताम्हिणीकडे जावे, तसतशी घरे डोंगरांच्या कुशीत शिरत जातात. तिथे लहर डोक्यावरून निघून जाई किंवा अलीकडच्या सोंडेवर आपटून थांबे. म्हणजे टीव्ही आहे, वीज आहे, अँटेनाही आहे, आणि पडद्यावर मुंग्या. घराची जात, ऐपत, शिक्षण यांपैकी कशाचाही या अडचणीशी संबंध नव्हता. प्रश्न घर सोंडेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढाच होता.

४/
त्या काळचा अँटेना म्हणजे आडव्या दांड्यावर बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या. या रचनेला यागी-उदा म्हणतात. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी ती १९२० च्या दशकात सिद्ध केली. ती एकाच दिशेने ‘ऐकते’, हा तिचा गुण आणि हीच तिची डोकेदुखी. वाऱ्याने दांडा फिरला किंवा कावळ्याने काडी वाकवली की चित्र गेले. मग एकाने कौलांवर चढायचे, दुसऱ्याने दारात उभे राहायचे, तिसऱ्याने पडद्यासमोर, आणि ‘आलं का?’, ‘आलं, आलं… गेलं!’ हा संवाद आळीभर ऐकू जायचा. महाराष्ट्रातल्या एका पिढीला दिशाज्ञान असे मिळाले. पुण्याच्या परिसरात कित्येक छपरांवरच्या काड्या गडाकडे तोंड करून उभ्या असत.

५/
एका घरात टीव्ही असला की त्यावर वाडीचा हक्क असे. ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी, ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ सगळ्यांसाठी. सुरुवातीची बरीच वर्षे टीव्ही बाळगायला परवाना लागत असे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. १९८० च्या दशकात ते शुल्क रद्द झाले आणि त्यानंतर पाहण्याचा खर्च विजेपुरता उरला. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या चाळीस वर्षांत प्रत्येक नव्या तंत्राने याच खर्चाचे गणित बदलले.

६/
इथे थोडे विषयांतर. मुळशीचा मुंबईशी संबंध दूरदर्शनपेक्षा जुना आहे. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे नेते झाले. लढा हरला, धरण झाले, आणि मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याला पडून त्याची वीज मुंबईला जाऊ लागली. मुंबईला वीज पुरवणाऱ्या या खोऱ्यापर्यंत मुंबईचे चित्र पोचायला अर्धे शतक लागले, आणि आले तेही डोंगरात अडखळत. योगायोग म्हणून तो सोडून देता येतो. पण कोणती सोय कोणाच्या दिशेने आधी वाहते, हा प्रश्न मुळशीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

७/
१५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण, त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीतल्या आशियाई स्पर्धा, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह. देशभर लहान शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झाले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे पुढे जाऊ.

८/
जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतून सीएनएनची थेट दृश्ये दिसू लागली. त्याच वर्षी स्टार आले, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी. शहरात कोणीतरी गच्चीवर मोठी तबकडी बसवली, तिथून खांबाखांबावरून, झाडाझाडावरून वायर ओढली, आणि ‘केबलवाला’ हा नवा व्यवसाय जन्माला आला. डोंगराची अडचण वायरीला नव्हती. तिला अडचण होती अंतराची. शंभर घरे एकमेकांना लागून असतील तर वायर परवडते. वीस घरांची वाडी, मग दीड किलोमीटर रान, मग धनगरवाडा, अशा वस्तीत कोण वायर ओढणार? म्हणून केबलच्या दृष्टीने सोयीची होती ती पौड रस्त्यालगतची बाजारगावे. आतल्या वाड्यांना आधी सोंडेने अडवले होते, आता हिशेबाने अडवले.

९/
याच धामधुमीत ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला. वाद होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा. निकालाचे सार असे, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू नये आणि त्यांचा वापर लोकहितासाठी नियंत्रित व्हावा. भारतीय प्रसारणाच्या इतिहासात याहून महत्त्वाचा न्यायनिर्णय नाही. पुढे खासगी वाहिन्यांची बाजू मांडताना त्याचा पुष्कळ आधार घेतला गेला. छपरावरच्या अँटेनाच्या बाजूने त्याची आठवण क्वचितच कोणी काढली.

१०/
वाड्यांची कोंडी फोडली ती आकाशाने. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केले, तेच आजचे डीडी फ्री डिश. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा, मासिक शुल्क काही नाही. या सेवेचे उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, म्हणजे मुळशीतून पाहिल्यास आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच. इतक्या चढ्या कोनातून येणाऱ्या लहरीला सोंड सहसा आडवी येत नाही. जिथे सिंहगड कधीच दिसला नाही, तिथून ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह मात्र दिसतो. मुळशीच्या भूगोलाला खरे उत्तर मिळाले ते हे.

११/
पण सह्याद्रीत प्रत्येक उत्तराला पावसाळा असतो. घरगुती छत्रीच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. दाट पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. केबलवाल्याच्या मोठ्या तबकडीवर येणाऱ्या लहरी याच्या तिप्पट लांब असल्याने त्यांना पावसाचा त्रास कमी. सिंहगडाच्या लहरींची लांबी मीटरांत मोजावी लागे, पावसाची त्यांना पर्वाच नव्हती. ताम्हिणीचा घाट महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो. आषाढातल्या झडीत तिथली छत्री ‘सिग्नल उपलब्ध नाही’ म्हणून गप्प होते, आणि रस्ता खचल्याची बातमी हवी असते ती नेमकी त्याच दिवशी.

१२/
दरम्यान केबलचेही रूप पालटले. डिजिटल सेट-टॉप बॉक्सची सक्ती मुंबईत नोव्हेंबर २०१२ पासून, पुण्यात ३१ मार्च २०१३ च्या टप्प्यात, आणि ग्रामीण भागात शेवटच्या, ३१ मार्च २०१७ च्या टप्प्यात झाली. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दररचना आली. १०० वाहिन्यांच्या जोडणीचे कमाल १३० रुपये आणि कर, त्यावर सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. ग्राहकाला निवड मिळावी हा हेतू होता. अनेक घरांत मात्र ‘आपण नक्की कशाचे पैसे भरतो?’ हा प्रश्न प्रथमच उघडपणे विचारला गेला, आणि त्याचे उत्तर शोधताना काहींनी वायरच काढून टाकली.

१३/
पर्याय तोवर हाताशी आला होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटाचे भाव कोसळले. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात प्राइम व्हिडिओ भारतात आले होते, हॉटस्टार त्याआधी वर्षभर. इथे मुळशीचे दोन तुकडे स्पष्ट दिसतात. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात आहे. तिथल्या सदनिकेत फायबर, वायफाय आणि कांडी, विषय संपला. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला मोबाइलची रेंज शोधत बांधावर यावे लागते. मोबाइलचा मनोराही शेवटी डोंगरावरचा मनोराच, त्याच्याही लहरींना सोंड आडवी येते. १९७३ ची अडचण जशीच्या तशी परतली, आणि या वेळी सोबत रिचार्जही आला.

१४/
आता मूळ प्रश्न. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवले, तेव्हा त्याच मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण चालू होते. जुना टीव्ही असेल तर साधा परिवर्तक जोडायचा, अँटेना तोच. म्हणून तिथे केबल सोडणाऱ्याला परतायला जागा उरली. भारतात डिजिटल स्थलीय प्रक्षेपण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झाले. महाराष्ट्रातून त्यांत मुंबई आणि औरंगाबाद होते. पण ते पकडू शकणारे टीव्ही आणि बॉक्स बाजारात जवळजवळ नव्हतेच. ग्राहक नाही म्हणून उपकरण नाही, उपकरण नाही म्हणून ग्राहक नाही. शेवटी प्रसार भारतीने सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे वगळून उरलेले अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. विजेचा खर्च मोठा, प्रेक्षक थोडे, ही त्यामागची कारणे खोटी नव्हती. तरीही जुने पाऊल उचलण्याआधी नवे टेकलेले नव्हते, हेही खरे. कोणी आंदोलन केले नाही, छपरांवरच्या काड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या.

१५/
यात गेले काय, ते क्रिकेटवरून नीट कळते. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ते चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या स्थलीय जाळ्यावर आणि स्वतःच्या डीटीएचवर दाखवावे, खासगी केबलवाल्यांना देऊ नये. म्हणजे अँटेना किंवा फ्री डिश असेल तर भारताचा सामना हक्काने विनामूल्य. मोबाइलवर २०२३ चा विश्वचषकही विनामूल्य होता, पण तो कंपनीचा निर्णय होता. २०२५ मध्ये दोन मोठ्या सेवा एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाले आणि त्या वर्षीच्या आयपीएलला ठरावीक वेळेनंतर पैसे पडू लागले. कंपनीने दिलेले कंपनी परत घेऊ शकते, त्याविरुद्ध दाद मागायला कलम नाही.

१६/
प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. दूरदर्शनचा जुना खजिना आता तिथे आहे, आणि तो पाहायला डेटा लागतो. ताम्हिणीकडच्या वाडीत आजही सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे आग्नेयेकडे तोंड केलेली, पावसाळ्यात रुसणारी फ्री डिशची छत्री. सिंहगडाचा मनोरा निरभ्र दिवशी पुण्यातून अजून दिसतो. आणि २००७ च्या कायद्यात, विनामूल्य सामना कुठे दिसावा हे सांगणाऱ्या कलमात, ‘स्थलीय जाळे’ हे शब्द आजही पहिल्या क्रमांकावर आहेत.