राज्यात राज्य, यंत्रात यंत्र

सोंग घेणं सोपं, वठवणं कठीण. पोलिसाच्या वेषात दारात येणारा बहुरूपी 'चला चौकीवर' म्हणून कितीही दरडावू दे, शेवटी दोन-पाच रुपये घेऊन मुकाट्यानं पुढच्या घरी जातो. पण कॅल्क्युलेटरच्या दुनियेत असे बहुरूपी होऊन गेले की आतल्या प्रोग्रॅमलासुद्धा पत्ता लागला नाही, आपण परक्या घरात नांदतोय!

ही विद्या मला पुतण्यानं शिकवली. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे सोपं अवघड करून सांगण्यात तरबेज.

गोष्ट परमुलखातली. आपल्याकडे बारावीच्या गणिताला पोरं लॉगटेबल घेऊन बसतात. तिकडे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर शाळेच्या दप्तरात असतो. १९७९ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनं एचपी-४१ काढला. इंजिनिअर मंडळींनी रात्री जागून त्यासाठी प्रोग्रॅम लिहिले. तो अंतराळयानातूनसुद्धा फिरून आला. मग १९९० मध्ये आलेख काढणारा ४८-एसएक्स अवतरला. धाकट्या सुनेनं येताक्षणी मिसळणाचा डबा बदलावा, तशी गत! जुने प्रोग्रॅम त्यात जसेच्या तसे चालेनात. माणसानं वर्षानुवर्षं घासून जमवलेलं काम यंत्राबरोबर भंगारात घालायचं की काय? अखेर कंपनीनंच एक कार्ड विकायला काढलं. ते पाठीमागच्या खाचेत सारलं की ४८ च्या अंगात ४१ संचारायचा. देवऋषी नको नि लिंबू नको!

२००७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं तर कमालच केली. त्यांच्या नव्या एनस्पायरची कळपट्टी काढून टीआय-८४ ची बसवली, की तो स्वतःला टीआय-८४ समजू लागे. जुन्याच्या आत झेड-८० प्रोसेसर, नव्यात एआरएम. दोघांची भाषा वेगळी. मधला इम्युलेटर म्हणजे दुभाष्या. जुन्या प्रोग्रॅमचा एकेक हुकूम वाचायचा, नव्या प्रोसेसरकडून करवून घ्यायचा आणि उत्तर जुन्याच थाटात पुढं ठेवायचं. कशासाठी हा खटाटोप? मास्तरांचे धडे टीआय-८४ वर बसलेले, पोरांची बोटंही त्याच कळांवर. यंत्र पैसे टाकून बदलता येतं; वळण लागलेली बोटं कुठून बदलणार?

हे पटवायला तासभर लागेल, म्हणून पुतण्या पाण्याचा तांब्या घेऊनच बसला होता. म्हटलं, "बाबा रे, कुंडलच्या माणसाला हे काय सांगतोस? वर इंग्रजांचं साम्राज्य, त्याच्या पोटात औंधचं संस्थान, त्यात आपलं कुंडल. आणि १९४३ पासून या सगळ्यांच्या पोटात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार! चावडी तीच, गाव तेच. पण तंट्यांचे निवाडे होत नव्या न्यायमंडळापुढं, आणि लग्नं लागत गांधी पद्धतीनं, थोडक्या खर्चात. वर इंग्रजांचा प्रोग्रॅम आपला चालूच! आपले जी. डी. बापू लाड आणि त्यांची तुफान सेना जिवावर उदार झाली, म्हणून १९४६ पर्यंत हा कारभार टिकला."

पुतण्यानं जरा विचार केला. "पण काका, त्या कॅल्क्युलेटरचं कार्ड खुद्द कंपनीनंच विकलं होतं."

तेवढा फरक मात्र आहे. साताऱ्याच्या कलेक्टरसाहेबांकडं असलं कार्ड मागायला आमच्या गावचं कुणी गेलं नव्हतं.