तळटीप १२ : ‘नसीमादीदी’

१२. नसीमादीदी : कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडले. स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्यामुळे त्यांना उभारी मिळाली. केंद्रीय अबकारी खात्यातली नोकरी सांभाळत त्यांनी १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. शाळेत नाव घातले, तरी दाराशी चार पायऱ्या असल्या की कुबड्या घेतलेले मूल खालीच अडते. अशा मुलांना अडथळ्याविना वावरता यावे म्हणून संस्थेने उभारलेल्या ‘घरौंदा’ वसतिगृहाचे मोल त्यावरून कळावे. दयेपेक्षा रोजगार हवा, हा त्यांचा आग्रह. संस्थेचा सिंधुदुर्गातला काजूप्रक्रिया प्रकल्प त्यातूनच आला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचकांनी या प्रकरणाआधी जरूर वाचावे.