मेथीची जुडी आणि दादरचा फूटपाथ

शेतमालाच्या विक्रीवर सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिल्या-दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास येतं: शेतकरी आणि ग्राहक यांच्यामधला दलाल हटवला की दोघांचा फायदा होतो. तुमच्या मसुद्यात ते असेल तर खोडू नका, पण आज त्याच्याकडे जरा संशयाने बघा. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. छोट्या शेतकऱ्याला शहरात जाऊन स्वतः विकायला कायद्याने बंदी होती, आणि बंदी उठली की वाट मोकळी झाली, असं आपण धरून चालतो.

१९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा उघडा आणि कलम ६ वाचा. पहिल्या पोटकलमात बाजार क्षेत्रात परवान्याशिवाय व्यवहार करायला मनाई आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्या पोटकलमापर्यंत फारसं कुणी जात नाही. तिथे सूट दिली आहे: किरकोळ विक्रीला, आणि स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला. म्हणजे वसईच्या बाईने आपल्या वाडीतली भाजी दादरला आणून विकली तर बाजार समितीच्या कायद्याचा भंग होत नव्हता. मग अडचण कुठे होती? मी गेले काही महिने याच प्रश्नाभोवती वाचते आहे आणि माझं उत्तर फार साधं निघालं आहे. अडचण होती बसायच्या जागेची, आणि संध्याकाळी न विकलेल्या मालाची.

थोडं मागे जाऊ. गिरगावातल्या वाड्यांची नावं आठवा: केळेवाडी, फणसवाडी, मुगभाट. 'भाट' म्हणजे शेताची किंवा बागेची जमीन. शेत आणि शहर यांच्यात अंतरच नव्हतं तेव्हाची ही नावं. पुढे बेट भरत गेलं, बागा चाळींखाली गेल्या आणि भाजी उत्तरेकडे सरकली. १८६७ मध्ये बीबीसीआय रेल्वेची लोकल विरारपर्यंत धावू लागली. वसईच्या वाड्यांमधली केळी, विड्याची पानं, फुलं आणि भाजी सकाळच्या गाडीने मुंबईत पोचायची सोय झाली. पुरवठा साखळी म्हटलं की आपण ट्रक आणि शीतगृहं डोळ्यांसमोर आणतो. मुंबईच्या ताज्या भाजीच्या बाबतीत लोकलचा मालडबा हा त्या साखळीचा सर्वांत जुना दुवा आहे, आणि लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तो जवळजवळ कुठेच भेटत नाही.

त्याच सुमारास, १८६९ मध्ये, क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, इमारतीचा आराखडा विल्यम एमर्सनचा, आणि प्रवेशद्वारावरची शिल्पं लॉकवूड किपलिंगची. त्या शिल्पांत शेतकरी कोरलेले आहेत. पुढच्या वेळी गेलात की मान वर करून बघा. दारावर शेतकरी आणि आतले गाळे परवानाधारक विक्रेत्यांचे, ही रचना पुढच्या दीडशे वर्षांची पूर्वसूचनाच होती, असं मला वाटतं. नगरपालिकेला मंडई हवी होती ती मुख्यतः स्वच्छतेसाठी: रस्त्यावरचा बाजार छपराखाली यावा, धुता यावा, त्यावर भाडं लावता यावं. भाडं वर्षभर कोण भरणार? ज्याच्याकडे वर्षभर माल आहे तो. अर्ध्या एकरावर मेथी, मुळा लावणाऱ्याकडे तो नसतो.

या मंडईला आज महात्मा जोतीराव फुले यांचं नाव आहे. फुल्यांनी १८८० च्या दशकात लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये माळवं भरून गाडी शहरात आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब मांडला आहे. म्युनिसिपालिटीची जकात आणि वाटेतल्या लोकांची देणी भागवता भागवता त्याच्यावर गाडीभाडंसुद्धा पदरचं भरायची वेळ येते. तुम्ही अर्थशास्त्राचे नसलात तरी हा भाग वाचाच. आपण ज्याला 'मार्केटिंग कॉस्ट' म्हणतो त्याचं इतकं धारदार वर्णन मला दुसरीकडे मिळालेलं नाही. आणि त्यात एकटा दलाल खलनायक नाही, शहराचं प्रशासनही आहे.

आता दलालाकडे येऊ. अडत्या नक्की काय करायचा? माल उतरवून घ्यायचा, गिऱ्हाईक शोधायचा, उधारी वसूल करायचा, आणि शेतकऱ्याला पट्टी पाठवायचा. पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब: इतके नग, हा भाव, त्यातून अडत, हमाली, तोलाई, वाहतूक वजा, उरले इतके. कोकणातल्या आंबा बागायतदारांना तो हंगामाआधी उचलही द्यायचा. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर पाठवणं आलं, भावाची घासाघीस संपली. ही पिळवणूक खरीच आहे. पण त्याच्याकडे असलेली एक गोष्ट हिशेबात धरा. माल संपला नाही तर तो रात्रभर ठेवायला गाळा त्याच्याकडे होता. शेतकऱ्याला मात्र टोपली परत न्यायची तर भाडं दुप्पट, आणि उद्या त्या भाजीला कुणी हात लावणार नाही.

इथे माझं मूळ शिक्षण विज्ञानाचं असल्याचा थोडा उपयोग झाला. काढणीनंतरही भाजी श्वसन करत असते. मेथी, कोथिंबीर, पालक यांचा श्वसनाचा वेग कांदा-बटाट्याच्या कित्येक पट असतो, शिवाय पातळ पानांतून पाणी झपाट्याने उडतं. वाळवलेला कांदा महिनोन्‌महिने टिकतो, तर मेथीची जुडी मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंत मान टाकते. आता बाजारांच्या स्थलांतराचा क्रम बघा. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. मशीद बंदरचा कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये वाशीला गेला. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार आणि क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार तिथे जायला १९९६ उजाडलं. अधिकृत कारणं गर्दी आणि वाहतुकीची होती, आणि जागेचं राजकारणही होतंच. तरी टिकाऊ माल आधी हलला आणि नाशवंत माल पंधरा वर्षं अडून राहिला, हा क्रम मला योगायोग वाटत नाही. वाशीनंतरही पहाटे प्लाझाच्या आसपास, सेनापती बापट मार्गावर, भाजीचा घाऊक बाजार भरतच राहिला. जी वस्तू थांबू शकत नाही ती शहराच्या जवळ राहते, मग नियोजनाचा नकाशा काहीही म्हणो.

दुधाचं उदाहरण घ्या, कारण दूधही थांबत नाही. शहरातले म्हशींचे गोठे हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या खेडा जिल्हा संघाचं दूध मुंबईच्या सरकारी योजनेकडे येऊ लागलं. आपण याला सहकाराचं यश म्हणतो, आणि ते आहेच. पण परळ-लालबागच्या रस्त्यांवरची आरेची दूध केंद्रं आठवा. सरकारने दुधाला नाक्यानाक्यावर चार-सहा फूट जागा दिली होती. गिरणगावात ग्राहकही संघटित झाला: नायगावला १९४८ मध्ये कामगारांची ग्राहक सहकारी संस्था निघाली, तीच पुढे 'अपना बाजार' झाली. दुधाला केंद्र मिळालं, किराण्याला भांडार मिळालं. पालेभाजीला मिळाला फूटपाथ, तोही गाडी येईपर्यंत! (मुंबईत 'गाडी आली' म्हणजे पालिकेची गाडी, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.)

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानंतरही वसईहून येणाऱ्या बाईचं स्थान विचित्रच आहे. बाजार समितीच्या कायद्यात ती सूट मिळालेली शेतकरी, आणि तीच दादरला उतरून कवी केशवसुत पुलाखाली बसली की फेरीवाली. दोन कायदे, दोन खाती आणि एकच टोपली. तुमच्यापैकी कुणी कायदा आणि शेती यांच्या सीमेवर विषय शोधत असेल तर मला हा सर्वांत कसदार वाटतो.

जुलै २०१६ मध्ये राज्याने अध्यादेश काढून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. घाऊक व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. ऑगस्टमध्ये थेट विधानभवनाच्या आवारात संत सावता माळी यांच्या नावाचा शेतकरी आठवडी बाजार भरला. बातम्यांचा मथळा 'दलालमुक्ती' हा होता. मला त्यात जागा दिसते. दक्षिण मुंबईतली सर्वांत सुरक्षित जागा त्या दिवशी शेतकऱ्यांना मिळाली, तिथून कुणी उठवणार नव्हतं, आणि गिऱ्हाईक ठरलेल्या वेळी येणार होतं. पणन मंडळाचे आठवडी बाजार जिथे टिकले तिथे मैदान कुणी दिलं, किती तासांसाठी दिलं आणि पाऊस आला तर काय केलं, हे आधी नोंदवा. भावाची तुलना नंतर.

मार्च २०२० मध्ये दादरचा बाजार सोमय्या मैदान, बीकेसी अशा मोकळ्या जागी विखुरला गेला. त्या काळात शेतकरी गटांचे टेम्पो सोसायट्यांच्या गेटपर्यंत आले. थेट विक्री अशक्य नाही, हे त्या दिवसांत दिसलं. गेट पुन्हा पार्किंगला लागल्यावर बऱ्याच ठिकाणी ती थांबली.

तेव्हा सिनॉप्सिसमधला प्रश्न जरा बदलून बघा. 'मध्यस्थाचा वाटा किती टक्के' हा प्रश्न झालाच, शिवाय 'न विकलेला माल कोणाच्या अंगावर पडतो' हाही घाला. त्याचा डेटा सरकारी तक्त्यांत मिळणार नाही. जुन्या पट्ट्या अजून काही घरांत ट्रंकेत आहेत, घर पाडून इमारत होताना त्या रद्दीत जातात. पालिकेचे वार्षिक अहवाल आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार इथून मंडईच्या भाड्यांचा इतिहास लागतो. आणि दादर स्टेशनबाहेर सकाळी आठला आणि रात्री आठला, अशा दोन वेळा एकाच जुडीचा भाव विचारा. दोन्ही वेळा आधी एक जुडी विकत घ्या, मग वही काढा. सुट्टे पैसे जवळ ठेवा.