आडनाव काय तुमचे?

जून महिना लागला की आमच्या शहागडच्या एसटी थांब्यावर पत्र्याच्या पेट्या आणि वळकट्या दिसू लागत. गोदावरीचा पूल ओलांडला की गेवराई, पुढे बीड. उलट दिशेला औरंगाबाद. शिकायचे तर यांपैकी एका गाडीत बसणे भाग होते. मार्कशीट हातात असे, प्रवेशही मिळून जाई. राहायचे कुठे, एवढेच ठरलेले नसे.

आपण शिक्षणाचा इतिहास शाळांचा आणि शिक्षकांचा सांगतो. पण परगावी गेलेल्या मुलाने रात्री अंग कुठे टाकले, ही हकिगतही त्याच इतिहासात यायला हवी. पुण्यात गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत, कुणाच्या तरी वाड्यात पथारी पसरत. त्या जेवणात मिंधेपण होते, हे अनेकांनी लिहून ठेवले आहे. तरीही तेवढा तरी उंबरठा त्यांना होता. कुणब्याच्या, महाराच्या, मोमिनाच्या मुलाला वार कोण देणार?

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले. 1896 मध्ये त्यांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, पण तिथे ब्राह्मणेतर मुले टिकेनात. मग त्यांनी वेगळी वाट धरली. 1901 मध्ये मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे, 1906 मध्ये मुसलमानांचे, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले होते. जातवार वसतिगृहांमुळे जाती पक्क्या झाल्या, असा आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो आक्षेप पोट भरलेल्या माणसाचा वाटतो. ज्याला दारातच उभे करत नाहीत, त्याला आधी छप्पर लागते.

पण त्या भिंती खऱ्या होत्या, हेही नाकारता येत नाही. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला. परतल्यावर त्याला सांगण्यात आले, आंघोळ करून मग आत ये. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगातली जागा गमावली. ही हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह सुरू केले, की जिथे मराठा, महार, जैन, मुसलमान मुले एका चुलीवर रांधत आणि एका पंगतीला बसत. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. कर्मवीरांच्या पुतळ्याला हार घालताना या माउलीचे नाव आपण पुष्कळदा विसरतो.

मुलींचा प्रश्न आणखी अवघड. त्यांना खोली नुसती मिळून भागत नाही, सुरक्षित मिळावी लागते. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा शाळा आणि राहण्याची सोय एकत्रच ठेवली. घराबाहेर पडलेल्या विधवेला दुसरा आसरा होता कुठे?

आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात. पदवी घ्यायची तर हैदराबाद, आणि तिथे वसतिगृहाचे छप्पर म्हणजे सरकारचे छप्पर. 1938 मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातल्या मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले. आधी वसतिगृह सुटले, मग विद्यापीठ. नागपूर विद्यापीठाने त्यातल्या अनेकांना दार उघडले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक.

भाड्याच्या खोलीची सर्वांत बोचरी कहाणी मात्र डॉ. आंबेडकरांची आहे. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकताना लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा खोलीमित्र होता. मैत्री जन्मभर टिकली. 1917 मध्ये ते शिष्यवृत्तीच्या करारापोटी बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा हॉटेलात जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा! गावातल्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडेही सोय झाली नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत काढला. पुढे 1921-22 मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात ते भाड्याने राहिले. ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले, आणि नागसेनवनात कॉलेजाबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. तिथे मराठवाड्यातल्या दलित मुलांच्या पिढ्या राहिल्या, शिकल्या, लिहित्या झाल्या.

मी बी. ए.साठी शहरात गेलो तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. माझे मराठी ऐकून घरमालक हौसेने खोली दाखवत. नळाला पाणी कधी येते तेही सांगत. मग विचारत, आडनाव काय तुमचे? आडनाव ऐकले की खोली कालच कुणाला तरी दिल्याचे त्यांना आठवे. वाईट बोलत नसत, चहासुद्धा पाजत. शेवटी एका देशपांडे मित्राच्या नावावर घेतलेल्या खोलीत मी तीन वर्षे काढली. माझ्या पहिल्या कविता तिथेच झाल्या, आणि दारावरची पाटी मित्राची होती.

कायदा इथे फारशी मदत करत नाही. धर्मावरून, जातीवरून भेदभाव करू नये हे राज्यघटनेचे बंधन आधी सरकारवर आहे. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लेखी करार आणि नोंदणी मागतो. भाडेकरू नाकारण्याचे कारण मात्र मालकाला विचारत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा नियम मान्य केला होता.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आता बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवण्याचे पैसे बँकेत जमा होतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या पैशांनी खोली शोधायला निघालेल्या मुलाला पहिला प्रश्न अजून भाड्याचा विचारत नाहीत. माझी भाची गेल्या वर्षी पुण्यात खोली बघत होती. दलालाने फोनवरच नाव विचारले, आणि फोटो पाठवतो म्हणाला. फोटो आले नाहीत. आता ती तिघींत एक खोली घेऊन कॉलेजपासून दोन बस बदलाव्या लागतात इतक्या लांब राहते. करारावर तिचे नाव आहे, एवढे तिने मला मुद्दाम फोन करून सांगितले.