कायसचा पहिला अल्बम: वाळवंट स्टुडिओत मावलं का?

मंडळी, स्टोनर रॉक म्हटलं की कायस हे नाव येतंच. कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टची ही पोरं. गावात वाजवायला धड जागा नाही, म्हणून जनरेटर घेऊन थेट वाळवंटात जायची. जॉश होमी गिटार खालच्या पट्टीत लावून बेसच्या अ‍ॅम्पला जोडायचा. त्यातून निघायचा तो जाड, घोगरा फझ.

१९९१ साली ‘रेच’ आला. नावावर हसू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ अभागी जीव! होमी तेव्हा १८ वर्षांचा. पण मला यात वाळवंट कमी, घाई जास्त ऐकू येते. अल्बम फारसा खपलाही नाही. पुढच्याच वर्षी निर्माता क्रिस गॉससोबत ‘ब्लूज फॉर द रेड सन’ केला, त्यात तो घुमणारा आवाज सापडला.

तरी आधी ‘रेच’ ऐका, मग दुसरा. वर्षभरात काय बदललं, ते हेडफोनवर लगेच कळतं.