यवतमाळ जिल्ह्यांतील बंजारी मणिकाम : एक उपेक्षित साधन

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी व दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या समाजानें लेखणी क्वचितच हातीं धरली, त्याचा इतिहास मग परक्यांच्या कागदांवरूनच लिहावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यांत पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या बाजूस वसलेल्या बंजारा तांड्यांची स्थिति अशीच आहे. या तांड्यांतील स्त्रियांच्या जुन्या वस्त्रांवर मणी, कवड्या, आरसे व नाणीं यांचें जें काम आढळतें, तें केवळ शोभेचें नव्हे; नीट वाचल्यास तें एक साधन आहे, आणि संग्राहकांच्या हौसेनेंच त्याचा नाश होण्याची भीति आहे, एवढें आम्हांस येथें मांडावयाचें आहे.

प्रथम लेखी पुरावा पाहूं. वऱ्हाडांतील बंजाऱ्यांविषयीं कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याचें टिपण प्रसिद्ध आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथांत मुख्यतः त्याचाच आधार घेतला. त्यांत आसफखानानें सुमारें १६३० मध्यें भंगी व झंगी या नाइकांस दिलेल्या ताम्रपटाची हकीकत आहे. मोगल फौजेस धान्य पुरविणाऱ्या या नाइकांजवळ एक लक्ष ऐशीं हजार बैल होते, व छपराचें गवत, रांजणांतील पाणी आणि दिवसास तीन खून यांची त्यांस माफी होती, अशी ती परंपरा सांगते. हकीकत मनोरंजक खरी. परंतु पट नाइकांचा, टिपण साहेबांचें. ज्या स्त्रिया त्या बैलांमागून चालल्या, त्यांचा एक शब्दही या कागदांत नाहीं. तो त्यांच्या वस्त्रांवर शोधिला पाहिजे.

जुन्या वळणाचा वेष म्हणजे फेटिया, कांचळी व टुकरी. अर्थात् घागरा, पाठीवर बंदांनीं बांधावयाची चोळी व ओढणी. यांखेरीज घागरीखालची चुंबळ, तिच्या मागें पाठीवर लोंबणारा चौकोनी पट, बटवे व पिशव्या यांवरही हें काम असतें. कवडीची फुगीर पाठ घासून अथवा फोडून काढतात, म्हणजे ती कापडावर सपाट बसते व दोरा आरपार जातो. मणी दोऱ्यांत ओवून तो सर कापडावर मधून मधून टांके घालून बसवितात. कडेच्या गोंड्यांत लोकरीचा झुबका, मणी व कवडी यांची जोड असते.

या द्रव्यांचा अर्थ आपल्या वाङ्मयास अपरिचित नाहीं. अथर्ववेदांत मणी हा मुख्यतः अलंकार नसून अंगावर बांधावयाची रक्षा आहे. चौथ्या कांडांत तर समुद्रांतून आलेल्या शंखमण्याचें स्वतंत्र सूक्तच आहे. कवडीस संस्कृतांत कपर्दिका व वराटक अशीं नांवें आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'च्या (शके १०७२ च्या सुमारास) आरंभींच्या कोष्टकांत वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, व सोळा पणांचा द्रम्म सांगितला आहे. म्हणजे १२८० कवड्यांचा एक द्रम्म. कवडी ही मालदीव बेटांकडून येणारी वस्तु. आणि बंजारी हा व्यापारी मालाची वाहतूक करणारा. रक्षा व रोकड हे दोन्ही अर्थ या एका वस्तूंत एकवटले आहेत. बैलाच्या पाठीवरील माल नाइकाचा असे. कवड्यांचा पट मात्र स्त्रीच्या अंगावर राही.

दुसरा अर्थ सौभाग्याचा. केसांत गुंफून कानशिलांवरून लोंबणारीं घुगरी-टोपली व त्यांसोबतचें चोटला हीं चांदीचीं लेणीं सुवासिनीचीं. पति निवर्तल्यावर तीं उतरतात. आपल्याकडे मंगळसूत्रांतील काळ्या मण्यांचें जें काम, तेंच येथें या लेण्यांचें. तेव्हां एकाद्या वेषांतून तीं वेगळीं काढलीं, तर तो वेष कुमारिकेचा, सुवासिनीचा कीं विधवेचा, हें ठरविण्याचें एक प्रमुख गमकच गेलें.

कालनिर्णयाविषयीं मात्र सावधगिरी हवी. वर्धा नदीकांठच्या कौंडिण्यपुराच्या उत्खननांत प्राचीन मणी निघाले, म्हणून तांड्यांतील मणिकामही तितकेंच जुनें असें अनुमान करणें चुकीचें होईल. एकोणिसाव्या शतकांत व्हेनिस व बोहेमिया येथील कांचमणी समुद्रमार्गें आपल्या बाजारांत येत होते. जो एकसारखा बारीक मणी जुना वाटतो तो बहुधा असा आयात झालेला असूं शकतो. नाण्यांचा पुरावा अधिक बळकट. रुपयावर व्हिक्टोरियेस 'राणी' म्हटलें असेल तर तो १८७६ पर्यंतच्या छापाचा, 'सम्राज्ञी' असेल तर १८७७ व नंतरचा. परंतु नाण्यावरून एवढेंच ठरतें कीं तें त्या सालापूर्वीं शिवलें गेलें नाहीं. आजीच्या फेटियाचे मणी उसवून नातीच्या कांचळीवर लावणें शक्य असतें. म्हणून कापडाची उलट बाजू अवश्य पाहावी. जुन्या टांक्यांचीं भोंकें तेथें दिसतात, व एकाच वस्त्रावर दोन पिढ्यांचे हात वेगळे काढतां येतात.

या कामाचा आधार असलेली वाहतूक आतां राहिली नाहीं. १८६७ मध्यें लोहमार्ग नागपुरास पोंचला, आणि बैलांच्या तांड्याचें प्रयोजन ओसरत गेलें. १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या छायेंत फिरत्या जमातींकडे सरकारी दप्तर संशयानेंच पाहूं लागलें, तें १९५२ मध्यें कायदा रद्द होईपर्यंत. बंजारी स्थिरावला, शेती करूं लागला. पुसदजवळील गहुली तांड्यांत १९१३ मध्यें जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळांत राज्याचे मुख्यमंत्री झाले. स्थैर्याबरोबर साडी आली, व फेटिया पेटींत गेला. येथवर दुःख मानण्याचें कारण नाहीं. वेष बदलणें हा जिवंत समाजाचा हक्क आहे.

दुःख पुढच्या गोष्टीचें आहे. पेटींतून निघालेला फेटिया शहरांत पोंचतो तेव्हां बहुधा त्याचे तुकडे झालेले असतात. कडेची बटव्याला, मधला पट्टा उशीच्या अभ्र्याला. पोथीचें एकेक पान सुटें विकणाऱ्यास आपण जें म्हणतों, तेंच यासही म्हटलें पाहिजे. पोथी घेतांना आपण लेखक, लेखनस्थान व शक विचारतों. वस्त्र घेतांनाही तांडा कोणता, गोत्र कोणतें, कोणी कोणासाठीं व कोणत्या प्रसंगीं शिवलें, मणी नवे कीं जुन्या वस्त्राचे, हें शिवणारणीकडूनच विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावें. कांहीं उसवूं नये, धुऊं नये. शक्यतों विकतही न घेतां, दोन्ही बाजूंचें छायाचित्र घेऊन वस्त्र त्याच घरीं राहूं द्यावें.

सेवालाल महाराजांची समाधि जेथें आहे, त्या पोहरादेवीस (आतां जिल्हा वाशीम) ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. रामनवमीच्या यात्रेंत तेथें दूरदूरचे तांडे जमतात. अशी टिपणें मिळविण्यास याहून सोयीचें ठिकाण नाहीं. ज्या वृद्धांच्या हातीं हें काम घडलें, त्या अजून कोठें कोठें आहेत. पोथीचा कर्ता शेंकडों वर्षांपूर्वीं गेला तरी पुष्पिका बोलते. या वस्त्रांना पुष्पिका नाहीं, ती शिवणारणीच्या मुखांतच आहे. तेव्हां आमच्या संग्राहक बंधूंनीं यंदाच्या यात्रेस वही घेऊन जावें, पैशांची पिशवी घरीं ठेवावी.